कोरडा चौरंग

त्या राज्याला जमीन नव्हती. सगळं राज्य एका तराफ्यावर वसलं होतं. तराफ्याच्या मागच्या टोकाला एक चाक होतं. रेडा ते फिरवी, तेव्हा राज्य पुढे सरके.

अलीकडे मात्र रेडे नाहीसे होऊ लागले होते. आरडाओरडा नाही, झटापट नाही. प्रत्येक रेड्याच्या शिंगावर एक सरकारी पोपट बसे आणि रेडा जे बोलेल तेवढंच दरबारात जाऊन सांगे. त्याचं शेवटचं सांगणं दर वेळी तेच असे: "चाक बरं चाललंय."

तपास मुंगसाकडे आला. मुंगूस हुशार होता आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. नवा रेडा धोंडबा त्याचा लहानपणापासूनचा मित्र.

"माझंही तसंच होणार का रे?" धोंडबानं विचारलं.

"मी असताना? तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही," मुंगूस म्हणाला. ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं होतं.

त्यानं सगळ्यांना खोदून खोदून विचारलं. तराफ्याखालच्या मगरीलाही. "मावशी, काही वेगळं दिसलं का?"

"वेगळं काही नाही बाबा. माझं आपलं नेहमीचं काम."

ते काम पूर्वीपासून ठरलेलं होतं. तराफा दबून राजाच्या पायाखालच्या चौरंगाला पाणी लागलं, की राजा वगळता जो सर्वांत जड, त्याला पाय धरून खाली ओढायचं, बोभाटा न करता. ही शिस्त होती, घटना नव्हती. मुंगूस तर घटना शोधत होता, म्हणून त्यानं पुढे विचारलंच नाही.

पोपट कमी पडतात, असं त्यानं ठरवलं. मग धोंडबाच्या शिंगांवर, पाठीवर, शेपटीवर पोपट बसले. पोपटांचं ऐकायला माकडं आली, माकडांवर देखरेखीला अस्वलं आली आणि सगळ्यांसाठी दाण्यांची पोती आली. आता इतक्या डोळ्यांदेखत कोण नाहीसं होणार, म्हणून मुंगूस निश्चिंत झाला.

दुपारी चौरंग ओला झाला.

पोपट भुर्रकन उडाले आणि दरबारात एका सुरात म्हणाले, "चाक बरं चाललंय."

मुंगूस धावत पोचला, तेव्हा चाक रिकामंच गरगरत थांबत आलं होतं. तो ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्यानं पुढच्या रेड्यासाठी दुप्पट पोपट मागितले. राजालाही वाईट वाटलं होतं. त्यानं लगेच होकार दिला.

नवा रेडा चाकाला जुंपला गेला. आभाळातून पोपटांचे थवेच्या थवे तराफ्यावर उतरू लागले, आणि राजानं पाय जरासे वर उचलून घेतले.