एका गाडीच्या दोन धावा

ही गोष्ट मला नीट आठवते आहे की नाही, याची खात्री देता येत नाही. घाट उत्तरेला होता की पश्चिमेला, हे मी दोन वेळा दोन प्रकारे सांगितले आहे, असे घरचे म्हणतात. म्हणून दिशा सोडून देतो आणि उरलेले जमेल तसे सांगतो.

फार पूर्वी, राज्याला नाव आणि राजाला मिशा होत्या एवढेच ज्या काळाबद्दल ठाऊक आहे त्या काळी, घाटाखालच्या गावात एक गाडीवान राहत होता. त्याची मुलगी घाटमाथ्यावर दिलेली होती. तिला सातवा महिना लागला. पहिले बाळंतपण माहेरी, ही तिथली रीत. तेव्हा गाडी जुंपून तिला घेऊन यायचे ठरले.

पण गाडीच्या चाकांच्या धावा झिजल्या होत्या. धाव म्हणजे लाकडी चाकाभोवती बसवलेली लोखंडी पट्टी. ती पातळ झाली की चाकाचे लाकूडच जमिनीला घासू लागते. त्यात ही वाट अशी की खाली काळ्या मातीचा चिखल, मध्ये नदीची वाळू आणि वर घाटाचा उघडा खडक. सगळ्या ऋतूंत आणि सगळ्या जमिनींवर चालेल अशी बारमाही धाव हवी होती.

बाजारात दोन लोहार समोरासमोर बसत. पहिल्याची धाव जाड, रुंद आणि महाग होती.

"दादा, ही लावलीस की तुझ्या नातवाच्या लग्नापर्यंत चाकाकडे बघायला नको," तो म्हणाला.

समोरचा लोहार तिथूनच ओरडला, "नातू तर आधी होऊ दे! माझी हलकी आहे, बैलांना सोसते, खिशालाही सोसते. झिजली की बदलायची. कपडे बदलतोसच ना?"

"तुझीही बारमाही का?" गाडीवानाने विचारले.

"बाराच्या बारा महिने चालते."

गाडीवान घरी आला. त्याला दोघांचेही पटले होते, आणि त्याची हीच अडचण होती.

"अहो, पोटुशी पोर आणायची आहे," बायको म्हणाली. "महागातली आणा."

"मीही तेच म्हणतोय."

"पण घरात काही उरणार नाही. बाळंतिणीला तूप कुठून घालायचे? स्वस्तातली आणा."

"मीही तेच म्हणतोय."

"तुम्ही नेमकं म्हणताय काय?"

तो गोठ्यात गेला. त्या काळी बैलांचे बोलणे माणसाला कळत असे. डावा बैल म्हणाला, "जाड धाव आण. खडकावर पाय धरते." उजवा म्हणाला, "आणि तिचे वजन कोण ओढणार, तुझा मामा? हलकी आण." गाडीवान डाव्याकडे बघून मान हलवी, मग उजव्याकडे बघून हलवी. शेजाऱ्याला विचारले, पाटलांना विचारले, देवळाच्या पुजाऱ्यालाही विचारले. ज्याला विचारावे त्याचेच खरे वाटे. तिकडे मुलीचे दिवस भरत चालले होते.

शेवटी त्याला एकदम सुचले आणि फार दिवसांनी हलके वाटले. तो बाजारात गेला आणि पहिल्या लोहाराला म्हणाला, "एक धाव दे."

"एकच? गाडीला चाके दोन असतात, ठाऊक आहे ना?"

"आहे. दुसरी समोरून घेणार आहे. थोडा टिकाऊपणा, थोडी काटकसर. तुझेही ऐकले, त्याचेही ऐकले."

दोन्ही लोहार हसले, पण विकायला बसलेला माणूस किती वेळ हसणार? त्यांनी गोवऱ्यांच्या जाळात धावा लाल केल्या, चाकांवर चढवल्या आणि वर पाणी ओतले. उजव्या चाकाला जाड धाव बसली, डाव्याला हलकी.

मुलीला आणायला जाताना गाडी रिकामी होती. घाटाखालच्या चिखलात डाव्या चाकाची अरुंद, हलकी धाव जास्त रुतली आणि गाडी डावीकडे ओढू लागली. गाडीवानाला वाटले, वाट उतरती असेल. मग वाटले, कासरा आपणच वाकडा धरतो आहोत. बैल एकमेकांना बोलू लागले.

"अरे, ओढतोस की फिरायला आलास?"

"मीच ओढतोय! तू मला ढकलू नकोस."

गाडीवानाने दोघांनाही दटावले. चाकांकडे बघायचे त्याच्या मनात आले नाही. ते काम त्याच्या लेखी संपले होते.

दुसऱ्या दिवशी मुलगी गादीवर टेकून बसली, शेजारी सासूने दिलेल्या लाडवांचा डबा ठेवला, आणि गाडी घाट उतरू लागली. दरी डाव्या हाताला होती.

"बाबा, गाडी दरीकडे का चाललीय?"

"वाट तशी आहे, पोरी."

"वाट सरळ आहे, बाबा. मी इथूनच तर सासरी आले."

खडकावर जाड धाव पकडून चाले आणि हलकी घसरे. गाडीवान बैलांना उजवीकडे वळवी, गाडी पुन्हा डावीकडे जाई.

"थांबवा," मुलगी म्हणाली. "मी उतरते."

"अगं, या दिवसांत खडकावरून चालशील?"

"या दिवसांतच उतरते आहे. थांबवा म्हणते ना!"

ती पोट धरून उतरली आणि डोंगराच्या बाजूला जाऊन उभी राहिली. गाडी पुढच्या वळणापर्यंतही गेली नाही. डावे चाक कड्यावरून सुटले. गाडीवानाने खाली उडी मारून जुवाच्या दोऱ्या कापल्या. बैल वाचले. गाडी गादीसकट दरीत गेली.

माहेर लांब होते, सासर जवळ. बैलाच्या पाठीवर हात ठेवून मुलगी हळूहळू परत चढली. सासूने तिला आडवे केले, पोटावरून हात फिरवला आणि दारात उभ्या व्याह्याला सांगितले, "बाळ हलतंय, देवाची कृपा. पण आता बाळंत होईपर्यंत ही या घरातून हलायची नाही."

दुसऱ्या दिवशी गाडीवान घाटाच्या तोंडाशी बसून राहिला. धान्याच्या व्यापाऱ्याची गाडी आली. तिच्या दोन्ही धावा जाड होत्या. ती सावकाश उतरून गेली. मागून भाजीवाल्याची आली. तिच्या दोन्ही हलक्या होत्या. तीही सावकाश उतरून गेली.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळे सांगितले. मग तिने विचारले, "दोन्ही महागाच्या आणल्या असत्या तर पोर आली असती?"

"आली असती."

"आणि दोन्ही स्वस्तातल्या?"

"तरी आली असती."

"मग हो?"

मुलगी सासरीच बाळंत झाली. तिची आई घाट चढून पोहोचली, तेव्हा बाळाला पहिली आंघोळ दुसऱ्या कोणी घातलेली होती.

तात्पर्य: दोन चांगल्या गोष्टींपैकी कोणतीही एक निवडली तर चालते, पण निवड टाळण्यासाठी दोन्ही अर्ध्या अर्ध्या घेतल्या तर एकही कामी येत नाही.

हे तात्पर्य मीच मागून जोडले तर नसेल, अशी शंका मला बरीच वर्षे होती. पुढे मोटारीचे टायर बदलायची वेळ आली, तेव्हा मी दुकानात विचारले आणि घरी येऊन गाडीच्या माहितीपुस्तकातही पाहिले: टायर महाग घ्या वा स्वस्त, एका आसावरचे, म्हणजे डाव्या-उजव्या जोडीतले, दोन्ही सारखेच लागतात.