अनसाआजीच्या विरजणाची वाटी

निळ्या डोंगराच्या पायथ्याशी, जिथे संध्याकाळचं ऊन सगळ्यात शेवटी निजतं, तिथे चाफेवाडी नावाचं एक छोटुकलं गाव होतं. त्या गावात शेवू राहायची. शेवूचा परकर दोन ठिकाणी ठिगळाचा, पायात चप्पल नाही आणि आईबाबा तर ती लहान असतानाच देवाघरी गेलेले. पण शेवूला होती अनसाआजी! आणि ज्याला अनसाआजी आहे, त्याला काय कमी असणार, सांगा बरं?

अनसाआजी दही विकायची. घराच्या ओट्यावरच तिचं दुकान. पांढरंशुभ्र, जाड सायीचं, सुरीने कापावं असं दही! त्या दह्यावर तिने आधी आपली पाच लेकरं वाढवली आणि आता शेवूला आणि तिच्या दोन धाकट्या भावांना वाढवत होती. पहाटे उठायची, दूध तापवायची, दही लावायची, दिवसभर विकायची. उरलंसुरलं नातवंडांना वाढायची आणि स्वतः मात्र मडकं विसळून ते पाणी प्यायची. "मला नाही बाई दही आवडत," म्हणायची. खोटारडी कुठली!

तिचे नियम दोनच. विरजणाची वाटी कधी रिकामी करायची नाही आणि दारात विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. ही विरजणाची वाटी फडताळात असायची. आजीच्या सासूबाईंनी तिला दिलेलं विरजण रोज नवं होऊन त्या वाटीत राहायचं.

त्या दिवशी पाडवा तीन दिवसांवर आला होता. साऱ्या गावाचं श्रीखंड आजीच्याच दह्याचं! दोन मोठ्ठी पातेली भरून दूध तापवून ठेवलं होतं. आजी म्हणाली, "शेवू, मी कुंभारवाड्यातून नवी मडकी घेऊन येते. मी येईपर्यंत दूध कोमट होईल, मग विरजण लावू. वाटीवर लक्ष ठेव हं, मांजर मेलं टपून बसलंय."

"हो आजी!" शेवू म्हणाली आणि काठी घेऊन राखण करत बसली.

दुपार टळली होती, तरी फाल्गुनाचं ऊन रणरणत होतं. एवढ्यात परसातल्या सोनचाफ्याखालून बारीक रडू ऐकू आलं. शेवू धावली. पाहते तर काय! पिवळ्या पाकळ्यांमध्ये एक इवलीशी, बोटाएवढी परी पडलेली! तिचा झगा मोरपिशी, केस सोनेरी आणि चिमुकले पंख मात्र उन्हाने भाजून लालेलाल झालेले.

"आई गं, आग होतेय," परी कण्हली.

भाजलं की आजी काय लावते? दही! पण मडकी सगळी विकून रिकामी. फडताळात फक्त वाटी. शेवूने ती आणली आणि करंगळीच्या टोकाने दही हळूहळू पंखांना लावत बसली. "थोडंसंच हं, आजीचं विरजण आहे," असं म्हणत म्हणत लावत गेली. पंख निवले, पुन्हा रुपेरी होऊन लुकलुकायला लागले, तेव्हा तिने वाटीत पाहिलं.

वाटीचा तळ लख्ख दिसत होता.

"आता दूध नासणार! पाडवा बुडणार! आजीच्या सासूबाईंचं विरजण मी संपवलं!" शेवू मुसमुसून रडायला लागली.

"रडू नकोस गं सोनुली," परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण माझे नियम ऐक. स्वतःसाठी मागायचं नाही. सूर्य डोंगराआड जायच्या आत मागायचं. आणि जे गावात आहेच, ते मला नव्याने घडवता येत नाही."

"आजीला तिचं विरजण परत दे!"

परीने चाफ्याची पाकळी फिरवली. सोनेरी चमचम उडाली आणि फुस्स! काहीच नाही.

"अगं, म्हणजे ते गावात आहे!" परी हसली. "तुझी इच्छा अजून शिल्लक आहे. आजीने कधी कुणाला दिलं होतं का?"

"मागेल त्याला देते ती," शेवू म्हणाली आणि एकदम तिचे डोळे मोठ्ठे झाले. "अय्या!"

ती धूम पळाली ती थेट मथुराकाकूंच्या दारात. मथुराकाकू म्हणजे गावातल्या सगळ्यात खाष्ट. एरवी शेवू त्यांच्या दारावरून जातानाही मान खाली घालायची.

"काय गं, काय हवंय?"

"काकू, आमचं विरजण संपलं. तुमच्याकडे माझ्या आजीचं विरजण आहे का हो?"

"आहे का म्हणजे? माझ्या घरात दुसरं कुठलं असणार?" काकूंचा आवाज चक्क मऊ झाला. "मी नवी नवरी होऊन आले, तेव्हा दूध विरजायला घरात थेंब नव्हता. तुझी आजी आपणहून वाटी घेऊन आली. त्या दिवसापासून त्याच दह्याने दही लावतेय मी." आणि मग गल्लीत उभं राहून त्या ओरडल्या, "अगं ए बायांनो! अनसामावशीचं विरजण संपलंय!"

मग काय विचारता! कुणी वाटी, कुणी मातीची सट, कुणी बाळाचं बोंडलं भरून दही आणलं. सारं अंगण पांढऱ्या वाट्यांनी भरून गेलं.

आजी डोक्यावर मडकी घेऊन आली, ती घाबरलीच. "काय झालं गं? पोरं बरी आहेत ना?"

शेवूने रडत रडत सगळं सांगितलं. आजीने तिला पोटाशी धरलं. "वेडे, भाजलेल्याला नाही म्हणाली असतीस तर रागावले असते मी! आणि तुम्ही गं, बघत काय उभ्या राहिलात? दूध निवतंय, आणा त्या वाट्या इकडे!"

विरजण लागलं. नवी मडकी भरून झाकली. सूर्य डोंगराला टेकला. शेवू चाफ्याकडे धावली आणि परीच्या कानात काहीतरी पुटपुटली. परीने पाकळी फिरवली, साऱ्या परसात केशरी उजेड झाला आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

पाडव्याला गावभर श्रीखंड झालं. सगळ्यांना वाढून मडकी रिकामी झाली. आजी विसळायला बसली, तर शेवटच्या मडक्यात एक वाटीभर घट्ट दही! ती उठली शेवूला द्यायला.

"नाही आजी! ते तुझंच. मी परीकडे मागितलंय, रोज तुझ्या वाटणीचं उरू दे म्हणून. बस इथे."

आजी बसली. कितीतरी वर्षांनी तिने आपल्या हातचं दही तोंडात घातलं आणि तिचे डोळे भरून आले.

"अगंबाई! चांगलं लागतंय की गं! मला कधी कुणी सांगितलंच नाही."

"सगळं गाव सांगतं, आजी," शेवू तिच्या मांडीवर डोकं ठेवत म्हणाली. "तू ऐकायला बसतच नव्हतीस."