गारठलेला बाळकृष्ण

एकदा एका शिष्याने देव पाण्यात ठेवला.

त्याची आई आजारी होती. ताप अठरा दिवस उतरला नव्हता, अन्न जात नव्हते, आणि वैद्य नाडी पाहून "औषध चालू ठेवा, आत्ताच काही सांगता येत नाही" एवढेच म्हणू लागले होते. आईवाचून त्याला या जगात कोणी नव्हते. तेव्हा आपल्याकडे लोक पूर्वापार करत आले तेच त्याने केले. देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडवला आणि सांगितले, "आई उठून बसेपर्यंत तुला बाहेर काढायचा नाही."

मग चार दिवस तो घंगाळापाशीच बसून राहिला. पाणी कमी झाले की भर घालायचा, मूर्ती नीट बुडाली आहे ना ते हाताने चाचपून पाहायचा. पलीकडच्या खोलीत आईला औषध पाजायला शेजारीण येई. मुलगा देवाचे करतो आहे म्हटल्यावर त्याला बोलणार कोण?

ही गोष्ट त्याच्या वृद्ध गुरूंच्या कानावर गेली. पौषातल्या थंडीत काठी टेकत ते सकाळीच आले आणि आधी आईच्या खोलीत गेले.

"माई, काही हवं का?"

आईला बोलण्याचे श्रम होत होते. "मला काही नको. बाळकृष्णाला अंघोळ घातली का, तेवढं विचारा त्याला. थंडीचे दिवस आहेत. कोमट पाणी लागतं."

गुरुजी देवघरात आले. त्यांनी घंगाळात हात घातला, मूर्ती बाहेर काढली आणि उपरण्याने पुसू लागले. शिष्याने घाबरून त्यांचा हात धरला.

"गुरुजी, हे काय करताय? आई अजून बरी झालेली नाही."

गुरुजींनी हात सोडवून घेतला, आईच्या खोलीत जाऊन मूर्ती तिच्या तळव्यावर ठेवली.

"किती गारठलाय हा," आई म्हणाली आणि तिने तो पांघरुणात घेतला. मग दारात उभ्या असलेल्या मुलाकडे तिचे लक्ष गेले. तिने त्याला जवळ बोलावून त्याचा हात हातात घेतला. "तुझेही हात गारच आहेत. चार दिवस कुठे होतास रे?"

शिष्याला रडू आवरले नाही.

आईचा डोळा लागल्यावर दोघे ओसरीवर येऊन बसले. गुरुजी म्हणाले, "तुला भीती वाटली, यात काही वावगं नाही. मागणंही वावगं नाही. त्याच्याकडे नाही मागायचं तर कुणाकडे? पण तू मागितलं नाहीस, त्याला अडवून धरलंस. ज्याच्यावर भरवसा असतो त्याला कुणी ओलीस ठेवत नाही. तुझ्या आईकडे बघ. एवढ्या दुखण्यात तिला काय सुचलं, तर त्याला कोमट पाणी. आपली काळजी तो वाहतो आहे याची तिला शंकाच नाही, म्हणून ती त्याची काळजी करू शकते. भरवसा शिकायला तू माझ्याकडे कशाला येतोस?"

शिष्याने हळूच विचारले, "आणि गुरुजी, ती नाही वाचली तर?"

"ते मला ठाऊक नाही," गुरुजी म्हणाले. "पण तसं झालंच, तर तिच्या उशाशी तू असशील आणि तोही असेल. त्या घंगाळापाशी नव्हे."

दुसऱ्या दिवशी शिष्याने पाणी तापवले, बोट घालून पाहिले, पुन्हा थोडे गार पाणी मिसळले. बाळकृष्णाला न्हाऊ घालून कोरडे केले आणि आईला दिसेल असे उशाजवळ बसवले. उरलेल्या कोमट पाण्यात फडके भिजवून त्याने आईचे तोंड पुसले, कपाळ पुसले, एकेक बोट पुसले.

"आज पाणी बरोबर झालंय," आई म्हणाली.

ताप अजून होताच. शिष्याने हात जोडले, आई बरी होऊ दे म्हणाला, आणि या खेपेला त्यापुढे अट घातली नाही. मग तो तिच्याजवळ बसून राहिला.

आपल्या घरी कुणी अंथरुणाला खिळले असेल, तर देवाकडे जरूर मागावे. मात्र मागून झाले की हात कोरडे करून त्या माणसाजवळ जाऊन बसावे.