मोराचा तुरा आणि हिरवी कातरणं

छापखान्यातली चित्रं आणि यंत्रं एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट.

एका लग्नपत्रिकेवर एक मोर होता. पहिली पत्रिका देवापुढे ठेवणार, हे कळल्यापासून त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. आपण उठून दिसावं म्हणून तो अगदी काठाशी, कापायच्या रेघेला तुरा टेकवून उभा राहिला.

"मोरोबा, जरा आत सरका," कागद कापणारी कटरमावशी म्हणाली. "माझं पातं केसभर इकडेतिकडे होतंच. आणि हिरव्या, तू रेघेच्या बाहेरपर्यंत पसर बरं."

"म्हणजे रेघेबाहेरचा मी कापला जाऊन कचऱ्यात जाऊ?" पत्रिकेचा हिरवा रंग फणकारला. "मी रेघेपाशीच थांबणार."

"मावशी, वय झालं तुमचं. नीट बघून कापा म्हणजे झालं!" मोर हसला.

मावशीने आधी एकच नमुना कापला. पातं केसभर सरकलं. एका बाजूला मोराचा तुरा उडाला, दुसऱ्या बाजूला हिरव्याच्या कडेने कोरा पांढरा कागद दिसू लागला.

मोराला रडू कोसळलं. "असा बोडका देवापुढे कसा जाऊ?"

"अरे वेड्या, हा नमुना. खऱ्या पत्रिका अजून छापायच्यात."

मोर मुकाट्याने आत सरकला. त्याच्याकडे पाहून हिरवा हळूच म्हणाला, "चल, मीही जातो रेघेबाहेर."

दुसऱ्या दिवशी पत्रिका देवापुढे ठेवली. काठोकाठ हिरवी, वर डौलदार तुरा. "काय सुरेख मोर!" सगळे म्हणाले. मोराला मात्र रेघेबाहेर गेल्यामुळे कापली जाऊन यंत्राखाली पडलेली हिरवी कातरणं आठवली. त्याने आधी त्यांचा नमस्कार देवाला सांगितला, मग स्वतःचा.