अंबूताईंची सही

साताऱ्याजवळच्या एका वृद्धाश्रमात घारपुरे नावाचे नवे व्यवस्थापक आले. आल्या आल्या त्यांनी फाटकाला कुलूप घालायचं ठरवलं आणि सगळ्यांना बसवून एकेक कागद वाटला. त्यावर लिहिलं होतं, ‘वयोमानामुळे मला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत. म्हणून एकट्याने बाहेर न जाण्यास माझी संमती आहे.’

सगळ्यांच्या मनात एकच होतं. उलट बोललो आणि इथूनही काढलं, तर जायचं कुठे? सहा जणांनी सह्या केल्या.

ब्याऐंशीच्या अंबूताई रोज सकाळी मंडईतून आश्रमाची भाजी आणायच्या. मांडीवरची पिशवी त्यांनी घट्ट धरली.

“आजी, सही!” घारपुरेसाहेब खेकसले.

“करते की. पण मला निर्णय घेता येत नसेल, तर माझी संमती चालेल कशी? आणि चालणार असेल, तर हे वरचं खोटंच की!”

साहेबांनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. तोवर ते सहाही जण आपापले कागद परत मागायला उठले होते.

“सावकाश ठरवा,” अंबूताई पिशवी घेऊन उठल्या. “आणि नाहीच ठरवता आलं, तर माझा कागद ठेवा. सही तुम्ही करा.”