पालखीचा पहिला खांदा

निवडणुकीचे अर्ज भरायचा दिवस उजाडला की पाणेश्वरीचा कौल बंद. तेव्हा पाहुणे, सावलीत बसा, दार ठोठावून उपयोग नाही. लग्न जमवायचं असो की म्हैस हरवलेली असो, मतमोजणी होईपर्यंत इथे देवीला काही विचारायचं नाही. कलेक्टर आला तरी नाही. ही रीत भिवा गुरवापासून पडली, असं सांगतात.

त्या वर्षी सरकारने मतदारसंघ नव्याने आखले आणि खाडीचे दोन्ही काठ पहिल्यांदाच एकात आले. त्याआधी अलतड, म्हणजे हा काठ, घाटाखालच्या तालुक्याला जोडलेला होता आणि समोरचं पलतड बंदराला. अलतडचे लोक पिढीजात नांगरावर शिक्का मारणारे, पलतडचे होडीवर. आता जागा एक, आमदार एक! दोन्ही काठांवर नुसता उत्साह उसळला म्हणे. म्हातारेकोतारेसुद्धा बोटांवर मतं मोजायला लागले, आणि कितीही मोजली तरी बरोबरीच यायची. उरत होती ती मधल्या वाड्यांची चार-पाचशे मतं. त्या वाड्यांचं म्हणणं एकच, देवी सांगेल तिकडे.

झालं! दोन्ही उमेदवार एकाच दिवशी कौल लावायला येणार, असं ठरलं. नांगराचे आबाजी परब, देवीचे मानकरी. होडीचे बाबली मास्तर, पलतडच्या शाळेतली नोकरी सोडून उभे राहिलेले. आणि कौल लावणाऱ्या भिवाची पंचाईत अशी, की मास्तर त्याच्या धाकट्या बहिणीचा, शेवंतीचा नवरा.

पण त्याची खरी धास्ती वेगळीच होती. देवीचं माहेर पलतडला. दर माघात तिची पालखी होडीतून खाडी ओलांडायची आणि चार दिवस माहेरी राहायची. कौल परबांना गेला तर पलतडवाले पालखी काठाला लागू देणार नाहीत, मास्तरांना गेला तर अलतडवाले ती उचलणारच नाहीत. आणि एकदा मोडलेली वाट पुन्हा सुरू होत नसते. आईचं माहेर आपल्या हातून तुटणार, हेच भिवाच्या डोक्यात रात्रंदिवस घोळत होतं.

कौलाच्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर ढोल, घोषणा, झेंडे, पोरंटोरं आंब्यावर चढलेली. भिवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. परबांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं की पहिलं नाव आमचं. मास्तरांचाही तोच निरोप शेवंतीने आणला होता. भिवा गाऱ्हाणं घालायला उभा राहिला तसे ढोल थांबले. तो कुणाचं नाव आधी घेतो, याकडे हजार माणसं कान लावून होती.

भिवाने नावच घेतलं नाही.

"आई," तो म्हणाला, "तुका ह्या निवडणुकीत बोलूचा आसा काय?"

एरवी गाऱ्हाण्याला अख्खा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. त्या दिवशी कुणाला ते सुचलंच नाही. आणि असं सांगतात की भिवाने हात जोडायच्या आत डावी पाकळी टपकन खाली पडली.

मग जो गोंधळ माजला, काही विचारू नका. परबांनी गुरवकी काढून घ्यायची धमकी दिली. मास्तर मेव्हण्याकडे न बघता होडीत जाऊन बसले. शेवंतीने माहेरचं पाणीही घेतलं नाही. पण देवीच बोलायला तयार नाही म्हटल्यावर मधल्या वाड्यांना आपापलं डोकं चालवणं भाग पडलं. एकेका घरात नवरा नांगराचा तर बायको होडीची. परब निवडून आले, तेही अवघ्या दोनशे नऊ मतांनी. अलतडला तीन दिवस गुलाल उधळला आणि पलतडला सुतकी शांतता पसरली.

माघात पालखी निघाली. होडीत परब होते, पुढे भिवा. पलतडच्या काठावर माणसांची ही गर्दी, पण ढोल नाही, तुतारी नाही. कुणी दोर फेकेना. आपण केलं ते सगळं फुकट गेलं, असं भिवाला वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून बाबली मास्तर पुढे आले. तसेच, नेसल्या कपड्यांनिशी, कमरेइतक्या पाण्यात उतरले, होडीच्या काठाला हात घातला आणि मागे वळून आपल्या माणसांना म्हणाले, "हरलंय तो मी. आई खंय हरली?"

पालखीला पहिला खांदा त्यांनी दिला. मग काय ढोल वाजले म्हणता! भिवा अख्ख्या खाडीसमोर ढसाढसा रडला, आणि शेवंती त्याला हाताला धरून घरी जेवायला घेऊन गेली.

आजही निवडणुकीत कौल बंद असतो. आणि आजही पालखी पलतडला लागली की पहिला खांदा पडलेल्या उमेदवाराचा. आमदारसाहेब मागे उभे राहतात, चपला हातात घेऊन.