पिल्लांचा दिवा आणि खांबावरचा ट्रान्सफॉर्मर

गावात वीज नवी नवी आली होती, तेव्हाची गोष्ट. सगुणाबाईंनी आईवेगळी झालेली कोंबडीची पिल्लं टोपलीत ठेवली, वर एक दिवा टांगला आणि त्याला म्हणाल्या, "आता तूच यांची आई."

दिवा मनापासून तापला, तरी पिल्लं कुडकुडतच होती. शेवटी तो समोरच्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला ओरडून म्हणाला, "काका, डोंगरापलीकडून एवढी वीज येते आणि माझ्या वाट्याला एवढीशीच? बाकीची तुम्हीच गिळता! सगळी सोडा इकडे. माझी पिल्लं गारठलीत."

ट्रान्सफॉर्मर नेहमीसारखा गुणगुणत राहिला. इतक्यात वारा सुटला आणि निलगिरीची ओली फांदी डोंगरापलीकडून येणाऱ्या वरच्या तारांवर आदळली. आभाळ फाटल्यासारखा कडकडाट झाला. खाली पडला तो फांदीचा नुसता कोळसा.

दिवा थरथरला. "हीच वीज माझ्यात येते?"

"नाही रे बाळा. माझ्या पोटात तारेची दोन वेटोळी आहेत, एकमेकांना न शिवणारी. ती वरची वीज पहिल्यात घुमते, आणि तिच्या नुसत्या घुमण्याने दुसऱ्यात तुला झेपेल एवढी वीज जागी होते. रोज अनुभवतो, तरी रोज नवल वाटतं."

तेवढ्यात सगुणाबाई आल्या आणि त्यांनी त्याला वीतभर खाली घेतलं. पिल्लं त्याच्या उजेडात सरकली आणि अंगाला अंग लावून झोपली.

मग दिवा श्वास रोखल्यासारखा, अगदी जपून जळत राहिला.